दोन पट्ट्यांच्या मधला सूर

गेल्या वर्षभरात मी जवळजवळ सगळ्या नातेवाइकांना सांगितलं होतं की हिला भास होतात. कन्नडजवळ हिच्या माहेरी सांगितलं, पुण्याला मुलाला सांगितलं. कॉलनीतल्या भजनी मंडळाच्या बायका ही का येत नाही म्हणून विचारायला आल्या, तेव्हा त्यांनाही फाटकाशी उभं राहून सांगितलं. सांगताना मी आवाज खाली करायचो. आता त्यांतल्या बऱ्याच जणांना फोन करून मी म्हणालो की तसं काही नव्हतं, चूक माझी होती. ते म्हणतात, बरं झालं हो. आणि मग त्याच खालच्या आवाजात विचारतात, आता कशी आहे तब्येत? तोंडानं सांगून भागत नाही असं दिसलं, म्हणून लिहून ठेवतो.

आमचं घर जालना रोडच्या आतल्या बाजूला, जुन्या कॉलनीत आहे. ही घरं बांधली तेव्हा दोन-दोन घरं पाठीला पाठ लावून बांधली. मागची भिंत दोघांची एकच, आणि त्या भिंतीतून जाणारा पाण्याचा लोखंडी पाइपही एकच. मागच्या घरातले लोक मुलाकडे परदेशी गेले, त्याला बराच काळ झाला. घराला कुलूप आहे. किल्ली त्यांच्या मेहुण्याकडे, ते छावणीत राहतात आणि सणासुदीला येऊन उदबत्ती लावून जातात.

त्या भिंतीला लागून आमची मागची खोली आहे. दुपारी ही तिथं आडवी होते. पेटीही तिथंच असते. ही कन्नडकडच्या खेड्यातली, शाळा फारशी झाली नाही, पण गळा आणि कान देवानं दिलेले. भजनी मंडळाची पेटी वर्षानुवर्षं हीच वाजवत आली.

उन्हाळा नुकताच लागला होता. मी पुढच्या खोलीत पेपर वाचत होतो. ही दारात येऊन उभी राहिली.

"अहो, हे काय वाजतंय?"

"काय?"

"हे. हूंऽऽ असं. भिंतीतून आल्यासारखं."

मी पेपर खाली ठेवला, मान वाकडी करून ऐकलं. काही नाही. "फ्रीज असेल," मी म्हणालो.

"फ्रीज बंद करूनच आले मी."

मग कूलर असेल, कुणाची तरी गिरणी असेल, असं म्हणत मी पुन्हा पेपर उचलला. हे पुढं रोज व्हायला लागलं. कधी आवाज असायचा, कधी नसायचा. मी उठून मागं जाईपर्यंत ती म्हणायची, "आत्ताच थांबला बघा." एकदा ती पेटीवर बसून तो सूर शोधत होती. एक पट्टी दाबायची, मान हलवायची, शेजारची दाबायची, पुन्हा मान हलवायची.

"सापडला का?" मी चेष्टेनं विचारलं.

"नाय. माझ्या पेटीत नाय तो. ह्या दोन पट्ट्यांच्या मधे कुठंतरी आहे."

हे वाक्य मी पुढं डॉक्टरांना सांगितलं. जो सूर पेटीत नाही तो बाई ऐकते, म्हणून सांगितलं. ते ऐकून डॉक्टरांनी मान डोलावली होती.

मला भीती का वाटली ते सांगायला हवं, नाहीतर मी निव्वळ दुष्ट वाटेन. हिची थोरली बहीण अशीच सुरू झाली होती. तिला घाटाच्या बाजूनं कुणीतरी हाक मारतंय असं ऐकू यायचं. आधी सगळे हसले. मग एका सकाळी ती चुलीवर दूध ठेवून घराबाहेर पडली आणि घाटरस्त्याच्या कडेनं चालत सुटली. ट्रकवाल्यानं ओळखून परत आणली. पुढं तिला स्वतःची मुलं ओळखू येईनात. शेवटी ती भिंतीकडं तोंड करून बसायची आणि कुणी जवळ गेलं की हातानं कान झाकायची. ते आम्ही दोघांनी पाहिलं होतं. त्यामुळं ही 'वाजतंय' म्हणाली की मला ती घाटरस्त्यावरची बहीण आठवायची, आणि ते दिसू नये म्हणून मी चिडायचो.

मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात नोकरी केली. तिथं विजेची मोजमापं घेणारी यंत्रं बनत, आणि मी त्यांच्या चाचणी विभागात होतो. निवृत्त होईपर्यंत माझ्या कानांची धार गेलेली होती. हे मी घरात कधी कबूल केलं नाही. टीव्हीचा आवाज मोठा का करता असं कुणी म्हटलं, की हल्ली हे लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, असं मी सांगायचो. त्यामुळं हिच्या बाबतीत 'मला कमी ऐकू येतं, तुझं खरं असेल' असं म्हणणं मला सुचलंच नाही. मला सुचला तो कॉम्प्युटर.

मागच्या खोलीत उशीजवळ मी मोबाइल ठेवायला लागलो आणि दुपारभर आवाज नोंदवून घ्यायचो. मग त्या नोंदीत कुठं घरघर दडलेली आहे का हे शोधणारा प्रोग्रॅम लिहायला बसलो. नोकरीत असले प्रोग्रॅम मी पुष्कळ लिहिले होते. घरघर म्हणजे एकटा सूर कधी नसतो. एक मूळचा सूर असतो आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे सूर त्याच्याबरोबर येतात, आई पुढं आणि पोरं मागं तशी. गोंगाटात आई दिसली नाही तरी ठरावीक अंतरावर उभी असलेली पोरं दिसतात, आणि त्यावरून आई कुठं असेल ते कळतं. माझा प्रोग्रॅम हेच करायचा.

पण तो बरोबर चालतो की नाही हे आधी तपासायला पाहिजे. म्हणून मी कॉम्प्युटरवर खोटी घरघर तयार केली. एक मूळ सूर घेतला, त्याच्या पटीतले सूर त्यात मिसळले, आणि वर खोटा गोंगाट ओतला. पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा आवाज असतो तो. गोंगाट वाढवत नेला. माझ्या कानांना वाळूशिवाय काही कळत नव्हतं, तरी प्रोग्रॅम बरोबर आकडा सांगायचा. सेकंदाला सदतीस कंपनांचा सूर लपवला, सदतीस सांगितला. एकाहत्तरचा लपवला, एकाहत्तर सांगितला. मला खरंच आनंद झाला. निवृत्त झाल्यावर इतका आनंद कशाचा झाला नव्हता. हिला बोलावून दाखवलं.

"हे ऐक. ह्यात काही ऐकू येतं?"

हिनं हेडफोन लावला. "नुसतं खळखळ आहे."

"त्यात सूर आहे. मी लपवलाय. ह्यानं शोधला."

"छान," ती म्हणाली. "मग माझा शोधा की."

मी खऱ्या नोंदी घातल्या. एकेक करून सगळ्या. पडद्यावर सपाट रेघ आली. कुठं काही उभं राहिलं नाही. मी समाधानानं खुर्ची मागं सरकवली. समाधान हाच शब्द खरा आहे, तो बदलत नाही.

"बघ. काही नाही."

तिनं पडद्यावरच्या त्या रेघेवर बोट ठेवलं. मग अगदी हळू म्हणाली, "म्हणजे हे माझ्याच आत वाजतंय?"

मी तेव्हा काही वेगळं बोलू शकलो असतो. मी म्हणालो, "डॉक्टरांना विचारू."

डॉक्टर चांगले होते. त्यांनी आवाजाबद्दल विचारलं, झोपेबद्दल विचारलं, बहिणीबद्दल मीच सांगितलं. आणखी काही होतं का, म्हणाले. ही म्हणाली, कधीकधी भांडी घासताना बोटांना मुंग्या येतात. त्यांनी ते लिहून घेतलं. मी आणलेला सपाट रेघेचा कागदही त्यांनी बघितला आणि माझ्याकडं जरा आदरानं पाहिलं. गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी हिचा तोल जायला लागला. चालताना भिंतीला हात लावून चालायची. बोलताना एखादा शब्द तोंडाशी येऊन थांबायचा आणि ती घाबरून माझ्याकडं बघायची, की हेही त्यातलंच का?

मुलाला फोनवर सांगितलं तेव्हा तो आधी हसला. "आईच्या कानात आजी गुणगुणत असेल. आयुष्यभर टोमणे मारले, अजून पोट भरलं नसेल तिचं."

"चेष्टा नको रे. मावशीचं आठव."

मग त्यानं विचारलं, "बाबा, तुमचं मशीन काय म्हणतं?"

"काही नाही म्हणतं."

"मग झालं तर," तो म्हणाला.

दिवाळीला ते लोक आले तेव्हा सुनेनं नातीला आजीजवळ एकटं सोडलं नाही. भांडण नव्हतं, उगाच काही बोललंही नाही कुणी. नात मागच्या खोलीकडं निघाली की सून म्हणायची, "अगं, आजीला पडू दे." हिनं ते ओळखलं. त्यानंतर हिनं आवाजाचं नावच काढलं नाही. पण दुपारी मी मागं डोकावलो की ही जागी असायची, एक कान उशीत दाबलेला आणि दुसऱ्यावर तळहात. पेटीवर कापड टाकलेलं. एकदा मला पाहून म्हणाली, "खरं सांगा. ताईसारखं होईल का माझं?"

"वेडी आहेस का?" मी म्हणालो. हा शब्द तोंडातून गेल्यावर तिनं तळहात पुन्हा कानावर ठेवला.

जानेवारीत मुलानं ठरवलं की आईला पुण्याला न्यायचं, मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं, आणि तिथं देखरेखीची सोय असलेल्या एका ठिकाणी काही दिवस ठेवून बघायचं. 'काही दिवस' म्हणताना त्याचा आवाज मला माझ्यासारखाच खाली गेलेला वाटला. तो रविवारी गाडी घेऊन येणार होता. ही शनिवारी सकाळपासून बॅग भरत होती. साड्या घालायची, काढायची. मधेच म्हणाली, "पेटी न्यायची का तिथं?" मी म्हणालो, बघू. "नको," ती म्हणाली. "तिथं कोण ऐकणार." आणि बॅगेवर दोन्ही हात ठेवून तशीच उभी राहिली. बहिणीला शेवटी अशाच एका ठिकाणी नेलं होतं, आणि ती परत आली नव्हती.

मला काहीतरी करायचं होतं. मला जे येतं तेच सुचलं. मी म्हणालो, "पुण्याच्या डॉक्टरांना तुझा आवाज ऐकवू आपण. मी कॉम्प्युटरवर तयार करतो, तू सांग कसा आहे ते." नोंदीत नाही तर नाही, तो कसा भासतो तेवढं तरी डॉक्टरांना कळेल, असा माझा विचार होता.

तिला हेडफोन लावून बसवली. पडदा माझ्याकडं वळवलेला होता, आकडे तिला दिसत नव्हते. मी एक खालचा सूर लावला.

"हे नाय. हे लई खाली आहे. चढवा. चढवा अजून. अहो, सावकाश! पुढं गेलात. मागं या."

"आता?"

"हां, उंची बसली. पण रंग हा नाय. हा नुसता गोल आवाज आहे. त्याला बारीक किरकिर पाहिजे वरून."

मी त्याच्या दुप्पट सूर मिसळला, मग तिप्पट, मग चौपट.

"तिसरा जरा कमी करा. त्याच्यावरचा राहू द्या." किती तरी महिन्यांनी ती मला अशी दटावत होती, मंडळातल्या नव्या बायकांना दटावते तशी. "तुमच्या कारखान्यात असं सांगायला कुणी नव्हतं का? आणि मागं पंख्याचा आवाज टाका, त्याशिवाय दुपार वाटत नाय."

मी गोंगाट टाकला. थोडा कमी केला. तिचा हात एकदम माझ्या मनगटावर आला आणि नखं रुतली.

"हाच," ती म्हणाली. "बंद करा. बंद करा!"

मी बंद केला. तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "तुम्हाला ऐकू आला?"

मी हेडफोन लावून पुन्हा सुरू केला. "आला," मी म्हणालो. वर्षभरात पहिल्यांदा आम्ही दोघांनी एकच आवाज ऐकला होता, आणि तो मी तयार केलेला होता.

ती पाणी प्यायला आत गेली. मी आकडा लिहून घ्यायला पडद्याकडं पाहिलं. शंभर.

मला वाटलं, योगायोग असेल. तिला परत बोलावलं. न सांगता सूर थोडा खाली केला. "उतरलाय," ती म्हणाली. थोडा वर केला. "आता चढला. ही वरची पट्टी झाली पेटीची." पुन्हा शंभरवर आणला. तिनं नुसती मान हलवली आणि हेडफोन ओढून काढला. "पुरे झालं हो. नका ना पुन्हा पुन्हा. आज पाणी आहे, मला भरायचंय." आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, पाण्याचा दिवस चुकला की आठवडा जातो. ती निघून गेली.

मी खुर्चीत बसून तो आकडा पुन्हा वाचला. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा इकडून तिकडं होते. प्रत्येक हेलकाव्यात लोखंड दोनदा ओढलं जातं, म्हणून मोटर असो की ट्रान्सफॉर्मर, ते गुणगुणतात शंभरवर आणि त्याच्या पटीत. डोक्यातल्या भासाला हा आकडा ठाऊक असायचं काही कारण नाही. भास पंच्याण्णववर होईल, एकशे अकरावर होईल. बरोबर शंभरवर होणार नाही.

मग नोंदीत का नाही?

मी प्रोग्रॅम उघडला. वरून दुसरीच ओळ होती ती. चाचणी विभागात पहिल्या दिवशी आम्हाला शिकवलं होतं की विजेची घरघर तारांतून प्रत्येक मोजमापात शिरते, तेव्हा आधी पन्नास आणि पन्नासच्या पटीतलं सगळं पुसून टाकायचं, मग काय मोजायचं ते मोजायचं. जेवायला बसण्याआधी हात धुवावेत तशी ती ओळ मी आयुष्यभर प्रत्येक प्रोग्रॅमच्या डोक्यावर घातली. इथंही घातली, घातली हे लक्षातही आलं नाही. मोबाइल बॅटरीवर चालत होता. त्याच्या नोंदीत तारांतून काही शिरायचा प्रश्नच नव्हता. आणि तपासताना मी सूर लपवले ते सदतीस, एकाहत्तर. पन्नास किंवा शंभर एकदाही घेतला नाही, कारण ते आकडे म्हणजे कचरा, अशी हाताला सवय. जे पुसलं जाणार नाही तेवढंच लपवायचं आणि सापडलं म्हणून खूश व्हायचं, असा तो सगळा खेळ झाला होता.

मी ती ओळ काढली आणि पहिलीच जुनी नोंद पुन्हा घातली.

शंभर, दोनशे, तीनशे, चारशे. माळावर विजेचे खांब उभे असावेत तसे ते उभे होते. दुसरी नोंद, तिसरी नोंद, सगळीकडं तेच. वेळेप्रमाणं काढून पाहिलं तर घरघर सुरू व्हायची, थोडा वेळ चालायची, थांबायची, काही वेळानं पुन्हा सुरू. असं करणारी वस्तू मला माहीत होती. अडकलेली मोटर. फिरता येत नाही म्हणून गुणगुणते, तापते, तापल्यावर आपोआप बंद होते, गार झाली की परत जोर लावते. मागच्या घरात आपोआप चालू होणारा पंप होता, टाकी रिकामी झाली की सुरू होणारा. तो बंद करायचा कुलूप लावताना राहिला असणार, आणि उन्हाळ्यात टाकी आटल्यावर त्यानं जोर लावायला सुरुवात केली असणार.

वर्षभर तापणारी मोटर. तिच्या आतल्या तारांवरचं वेष्टण किती उरलं असेल, हा विचार आला आणि त्याच क्षणी मला डॉक्टरांनी लिहून घेतलेलं आठवलं. बोटांना मुंग्या. भांडी घासताना. मला साखरेचा त्रास, म्हणून पायाला जपायला मी घरभर रबरी स्लिपर घालून फिरतो. ही अनवाणी असते. भांडी घासायचा नळ मागच्या भिंतीला आहे, त्याच लोखंडी पाइपवर.

मागून हंड्यात पाणी पडल्याचा आवाज येत होता.

मी किती वर्षांनी धावलो माहीत नाही. खुर्ची पडली ती आठवते. मागच्या दारात पोचलो तेव्हा ही ओल्या फरशीवर अनवाणी उभी होती, पदर खोचलेला, हंडा भरत आलेला, आणि उजवा हात नळाची चावी फिरवायला पुढं निघालेला.

"हात काढ! नळाला हात लावू नको!"

ती दचकून मागं सरली.

"भिंतीला नको! भिंतीला टेकू नको!"

ती ओल्या फरशीच्या मधोमध थांबली. दोन्ही हात छातीशी घट्ट धरले. माझा अवतार बघून तिचे डोळे मोठे झाले होते, आणि त्या डोळ्यांत जी भीती होती ती माझ्याबद्दलची होती. तिनं घाबरत घाबरत विचारलं, "अहो, तुम्हालाही ऐकू यायला लागलं का?"

मी तिला तसंच सरळ माझ्याकडं चालत यायला सांगितलं. ती आली. मी तिला धरलं आणि आत नेऊन बसवलं.

मग टेस्टर आणला आणि स्लिपर घातलेल्या पायांनी जाऊन नळाला लावला. टेस्टरचा दिवा लागला. मंद होता, पण लागला.

कॉलनीच्या तोंडाशी एका वायरमनचं दुकान आहे, त्याला बोलावलं. छावणीत मेहुण्यांना फोन केला.

"आमच्या घरात माणूस नाही, मोटर कशाला चालेल?" ते म्हणाले. "बिल तर तिकडून पोरगाच भरतो, मोबाइलवर. मला काय दिसत नाय."

"तुम्ही किल्ली घेऊन या," मी म्हणालो. "आत्ता या. मी हात जोडतो."

वायरमन त्यांची वाट बघत थांबला नाही. त्या घराचा मीटर बाहेर बोळात होता. "चाचा, पहले लाइन काटते. किल्ली बाद में," तो म्हणाला आणि रबरी हातमोजा चढवून त्यानं फ्यूज ओढला. मी त्याच्या शेजारी उभा होतो. मला आधीही काही ऐकू येत नव्हतं, नंतरही नाही. पण भिंतीपलीकडून, आमच्या मागच्या खोलीतून, हिचा आवाज आला. तिला बोळ दिसत नव्हता, आम्ही काय करतोय ते कुणी सांगितलं नव्हतं.

"थांबला," ती म्हणाली.

वायरमननं माझ्याकडं पाहिलं.

मेहुणे स्कूटरवर आले, कुलूप उघडलं. पंपाच्या कोनाड्यात जळक्या रोगणाचा वास भरला होता आणि भिंतीचा रंग तिथं तपकिरी झालेला. पंपाचं झाकण उघडलं तर आतल्या तारा कोळशासारख्या. अर्थिंगची तार कुणी जोडलीच नव्हती. पंपातून निघालेला पाइप भिंतीत शिरून आमच्या नळाकडं आला होता. वायरमन मेहुण्यांना बोलला ते मी इथं लिहीत नाही. मला तो एवढंच म्हणाला, "अम्मा को बोलो, शुक्र करे." मी आत जाऊन हिला सांगितलं नाही. मी फक्त बॅगेतल्या साड्या काढून कपाटात ठेवायला लागलो. ती दारात उभी राहून बघत होती. "ह्या घडीवर नाय ठेवत," म्हणाली आणि माझ्या हातातून घेतल्या.

मुलगा रविवारी आला. सगळं ऐकलं, पडद्यावरचे खांब बघितले, मागच्या भिंतीला हात लावून पाहिला. मग म्हणाला, "चांगलं झालं सापडलं ते. पण बाबा, एकदा दाखवून तर आणू. नेतोच आहे तर."

"नाही," मी म्हणालो.

"तुम्हीच म्हणाला होतात ना..."

"मीच म्हणालो होतो. ते चुकीचं होतं. ती कुठं जाणार नाही."

त्यानं आईकडं पाहिलं. ती आमच्या दोघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होती, आपलं काय ठरतंय ते ऐकत. आपण बोलायचं असतं हे तिच्या ध्यानातच नव्हतं. तो एकटाच परत गेला.

इथल्या डॉक्टरांकडं मी स्वतः गेलो, सपाट रेघेचा कागद त्यांच्याकडून परत मागून घेतला आणि दुसरा दिला. गोळ्या हळूहळू बंद केल्या. तोल परत आला. नात उन्हाळ्याच्या सुटीत येऊन राहिली, आजीच्या खोलीत झोपली. ज्यांना हे वाचून पुन्हा हळू आवाजात चौकशी करायची असेल त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की हिला कधीही काहीही झालेलं नव्हतं. तिनं जे ऐकलं ते भिंतीत होतं. ती दोन पट्ट्यांच्या मधे आहे म्हणाली तेही तंतोतंत खरं होतं, शंभर हा सूर पेटीत त्या दोन पट्ट्यांच्या मधेच पडतो. मी मोजून पाहिलंय.

पण एक गोष्ट अजून गेलेली नाही, आणि तिची मला त्या ओल्या फरशीपेक्षा जास्त भीती वाटते. ही आता प्रत्येक आवाजाबद्दल मला विचारते. कुकरची शिट्टी झाली की, "झाली ना?" विमान चिकलठाण्याला उतरायला डोक्यावरून गेलं की, "विमान आहे ना?" पेटीवरचं कापड काढलंय, पण वाजवताना मधेच थांबते आणि मी मान हलवेपर्यंत पुढची पट्टी दाबत नाही. जिला सगळ्या मंडळाचा सूर ऐकून कोण उतरलंय ते कळायचं, ती माझ्यासारख्या बहिऱ्याच्या चेहऱ्यावर बघून ठरवते की आपण ऐकलं ते खरं की खोटं.

काल दुपारी ती दारात आली. मी पेपर वाचत होतो.

"अहो," ती म्हणाली आणि थांबली. "काही नाय. तुम्ही वाचा."

"काय वाजतंय?"

"गच्चीवर काहीतरी टिकटिक केल्यासारखं. नसेल. तुम्हाला येतंय का ऐकू?"

मी ऐकलं. मला काही ऐकू येत नव्हतं.

"मला नाही येत," मी म्हणालो. "माझे कान गेलेत. तुला येतंय म्हणजे असणार. चल, तू पुढं हो."

तिनं पदर खोचला. मग जिन्याकडं वळली. मी पेपर ठेवला आणि कठड्याला धरून तिच्या मागून वर चढायला लागलो.